शिक्षणातील जखम

3 जून 1957 रोजी पश्चिम जर्मनीत, केम्प्टन शहराजवळ, इलर नदीच्या काठी नव्या जर्मन सैन्याची एक तुकडी येऊन उभी राहिली. सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. त्या कायद्याने बोलावलेले पहिले तरुण बराकीत येऊन जेमतेम दोन महिने लोटले होते. शिक्षकाने आज्ञा केली आणि ती पोरे वाहत्या पाण्यात उतरली. त्यांतील पंधरा जण बुडाले. पुढे खटला चालला. आज्ञा देणाऱ्या कनिष्ठ शिक्षकाला आठ महिन्यांची, आणि तीही स्थगित, शिक्षा झाली. त्याचे वरिष्ठ निर्दोष सुटले. वर्षभरापूर्वी अमेरिकेत, पॅरिस आयलंड येथे, मॅकीऑन नावाच्या शिक्षकाने शिस्तीचा धडा द्यावा म्हणून आपली तुकडी रात्रीच्या वेळी दलदलीच्या खाडीत नेली होती आणि सहा जीव गेले होते. ती पोरे मात्र स्वखुशीने भरती झालेली होती.

जर्मनांनी या प्रश्नाला एक लोकशाही तोड काढली. 1959 पासून त्यांच्या संसदेचा एक स्वतंत्र प्रतिनिधी केवळ सैनिकांच्या तक्रारींसाठी बसू लागला. साध्यातल्या साध्या शिपायाने वरिष्ठांना न विचारता त्याला परस्पर पत्र लिहावे, अशी ही सोय आहे. आज्ञापालनावरच ज्यांची सारी उभारणी, अशा संस्थेत हे दार उघडणे लहान गोष्ट नव्हे.

स्वतंत्र भारताने सक्तीची सैन्यभरती कधी केली नाही. चीनच्या आक्रमणानंतर 1963 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली, ती 1968 साली पुन्हा ऐच्छिक झाली, इतकेच. आपल्याकडे सैन्यात जाणारा स्वेच्छेने जातो. परंतु स्वेच्छेने गेलेल्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. उलट तो अधिक अवघड होतो, आणि त्याचे अवघडपण पुण्याजवळ खडकवासल्यास जितके उघड दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनी 6 ऑक्टोबर 1949 रोजी बसविली. 16 जानेवारी 1955 रोजी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शाळा नुकतीच संपलेले, सतरा-अठरा वर्षांचे छात्र येथे येतात आणि तीन वर्षे मुष्टियुद्ध, घोडेस्वारी, पोहणे, लांब पल्ल्याच्या दौडी यांतून घडतात. यांत हाडे मोडतात, गुडघे निकामी होतात, डोक्याला मार बसतो. तथापि प्रवेशापूर्वीच पालकाकडून एक लेखी पत्र घेण्याची पद्धत आहे. प्रशिक्षणात मुलाला इजा झाल्यास सरकारकडून कोणतीही भरपाई मागता येणार नाही, याची आपणांस पूर्ण जाणीव आहे, अशा आशयाचे हे पत्र. निवड झाल्याच्या आनंदात सही करणाऱ्या बापाने ते किती लक्षपूर्वक वाचले असेल, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

येथे कायद्याचा एक विलक्षण तिढा आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात शिपाई म्हणून आलेला पोर पहिल्या दिवसापासून सैनिक मानला जातो. 2022 पूर्वी भरती झालेल्या अशा पोराला कवायतीत अपंगत्व आले, तर ते सेवेतील अपंगत्व ठरू शके आणि त्याला निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला राही. खडकवासल्याचा छात्र मात्र कमिशन मिळेपर्यंत अधिकारी नाही आणि शिपाईही नाही. म्हणून जखमी होऊन घरी परतला, तरी तो माजी सैनिक होत नाही. ज्याच्या हाती उद्या पलटण द्यावयाची, तो कायद्याच्या दृष्टीने रंगरुटाहूनही पोरका! त्याला मिळते ते सानुग्रह अनुदान, म्हणजे हक्क नव्हे, कृपा.

1985 पासून प्रबोधिनी, डेहराडूनची अकादमी आणि तत्सम संस्थांतून अशा रीतीने वैद्यकीय कारणाने घरी पाठविलेल्या छात्रांची संख्या सुमारे 500 असल्याचे वृत्त ऑगस्ट 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. महिन्याला फार तर 40,000 रुपये हाती येत आणि उपचाराचा खर्च कित्येकदा त्याहून अधिक, अशी ती कहाणी होती. सर्वोच्च न्यायालयाने कोणाच्या अर्जाची वाट न पाहता स्वतः दखल घेतली. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या पीठाने केंद्र सरकारला नोटीस काढली. अनुदान वाढविता येईल काय, छात्रांचा सामूहिक विमा उतरविता येईल काय, उपचारानंतर त्यांना सैन्यातच बैठे काम देता येईल काय, असे प्रश्न न्यायालयाने केले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने माजी सैनिकांची वैद्यकीय योजना या छात्रांना लागू केली आणि तिचे एकरकमी प्रवेशशुल्कही माफ केले.

औषधपाण्याची सोय झाली. परंतु माजी सैनिक हे नाव त्या निर्णयाने त्यांना मिळाले नाही. अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या मातापित्यांना ते नाव का हवे असते, हे फाइलीवर शेरा मारणाऱ्यास उमगणे थोडे कठीणच.