सागाची साक्ष

'सोफा घ्यायचाय ना? मग सागवानीच घे. पैसे एकदाच जातील, पण पुढची पिढीसुद्धा बसेल त्यावर.' नवं घर घेतलेल्या प्रत्येकाला हा सल्ला कोणी ना कोणी दिलेला असतो, आणि देणारा बहुधा आपलं भलं चिंतणारा असतो. मला तो माझ्या थोरल्या काकांनी दिला. मी तो मानला, ऐपत ताणून सागवानी सोफा घेतला आणि सहाव्या वर्षी त्याची बैठक उघडून पाहायची वेळ आली. सागाशी माझं भांडण नाही. 'साग आहे' एवढं ऐकलं की सोफ्याची परीक्षा संपली असं आपण धरून चालतो, ते मात्र मला साफ चुकीचं वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो दुबळा नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं असतात, वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, बुरशी त्याला सहजी धरत नाही. ऋतू बदलला तरी हे लाकूड इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी फुगतं आणि कमी आकसतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची कीर्ती एवढी, की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तिथलं लाकूड गेलं. वाड्यातल्या तुळया, देवघराची चौकट, आजोबांची आरामखुर्ची, अशी घरगुती साक्ष तर प्रत्येकाजवळ आहे. दोनशे वर्षं समुद्र सोसणारं लाकूड दिवाणखान्यात पन्नास वर्षं का टिकणार नाही, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे.

लाकूड टिकेल, यात वाद नाही. पण आपण विकत घेतो तो सोफा. जहाज, दार आणि खांब यांचे वैरी म्हणजे पाणी, बुरशी, वाळवी. तिसऱ्या मजल्यावरच्या सोफ्याला रोज सोसावं लागतं ते निराळंच. माणसं धपकन बसतात, मुलं हातांवर चढतात, सुट्टीच्या दिवशी कोणीतरी एकाच कोपऱ्यात चार-चार तास सामना पाहत असतं. हा भार आधी कापडावर येतो, मग फोमवर, मग फोमखालच्या पट्ट्यांवर किंवा स्प्रिंगांवर, मग सांध्यांवर, आणि सगळ्यात शेवटी लाकडावर. सागाची साक्ष खरी असली तरी ती या शेवटच्या टप्प्यापुरतीच आहे.

माझ्या सोफ्याच्या तळाचं काळं कापड फाडलं तेव्हा हे मला डोळ्यांनी दिसलं. सांगाडा अगदी नव्यासारखा. इलास्टिकचे पट्टे मात्र लोंबत होते, आणि फोमच्या मधोमध खोलगट वाटी झाली होती. बोटांनी चुरडला तर पिवळा भुगा हातात येत होता. दुकानदाराने लाकडाची जात बिलावर ठळक लिहून दिली होती. फोमबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दुरुस्तीला आलेला कारागीर म्हणाला, 'साहेब, लाकूड शंभर नंबरी आहे. पण तुम्ही लाकडावर कुठे बसता?'

फोमबाबत आणखी एक समजूत पक्की बसली आहे. दुकानात आपण मुठीने गादी दाबतो, ती कडक लागली की 'दणकट आहे' म्हणतो. कडकपणा आणि घनता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बाजारात ज्याला '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतात, ते एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणा ठरतो तो रसायनांच्या मिश्रणावर. हलका फोमही कडक करता येतो. दुकानात तो ताठ लागतो आणि घरी आल्यावर वर्ष-दोन वर्षांत खचतो. फोम म्हणजे बारीक बुडबुड्यांची जाळी. घनता कमी म्हणजे त्या जाळीत माल कमी, आणि माल कमी म्हणजे रोजच्या दाबाने ती लवकर थकणार. यात गूढ काही नाही, आणि याची परीक्षा साध्या वजनकाट्यावर होते. २४ इंच लांब, २४ इंच रुंद आणि ५ इंच जाड फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर सुमारे दीड किलो भरला पाहिजे. ४० चा असेल तर १ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास. साडेआठशे ग्रॅमच भरला तर तो १८ च्या घरातला आहे, मग विकणारा काहीही म्हणो. खोळीची चेन उघडून आतला फोम काट्यावर ठेवायला सांगण्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. भाजीवाल्याकडे आपण काटा बघतोच. खडूची पूड मिसळून फोमचं वजन वाढवता येतं, हेही ध्यानात ठेवावं. म्हणून वजन पाहायचंच, शिवाय डेन्सिटी बिलावर लिहून घ्यायची.

आता पुन्हा सागाकडे. आज ज्या लाकडाला साग म्हणून विकतात ते आजोबांच्या वेळच्यासारखंच असेल असं नाही. वर सांगितलेले गुण गाभ्याच्या सोनेरी-तपकिरी लाकडाचे आहेत. सालीलगतच्या फिकट लाकडाला वाळवीही लागते आणि भुंगाही. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात या फिकट भागाचं प्रमाण जास्त असतं. म्यानमारने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींचा साग आपल्या वखारींत येतो. गडद पॉलिश चढलं की गाभा कुठला आणि कड कुठली हे ओळखू येत नाही.

सांध्यांचा मुद्दा मला याहूनही मोठा वाटतो, कारण सांगाडा मोडतो तो तिथेच. सागाच्या ज्या तेलामुळे वाळवी दूर राहते, तेच तेल सरसालाही नीट धरू देत नाही. म्हणून जाणता सुतार सागाला ताजा रंधा मारून लगेच सरस लावतो, रंधलेला तुकडा आठवडाभर पडू देत नाही. दुसरी गोष्ट ओलीची. पुरतं न वाळलेलं लाकूड कारखान्यात जोडलं आणि मग उन्हाळ्यात घरात वाळलं, तर दहा सेंटिमीटरची पट्टी सहज दीड मिलिमीटरने आकसू शकते. खाचेत घट्ट बसवलेलं कुसू सैल व्हायला तेवढं पुरतं. मग सोफा आधी कुरकुरतो, पुढे हलू लागतो. खाच-कुसवाचा किंवा जाड लाकडी खुंट्यांचा सांधा, कोपऱ्यात सरस आणि स्क्रूने बसवलेला त्रिकोणी ठोकळा, एवढं असेल तर नीट वाळवलेल्या रबरवुडचा किंवा चांगल्या प्लायवुडचा सांगाडाही वर्षानुवर्षं चालतो. हे नसेल, नुसत्या पिना ठोकलेल्या असतील, तर सागही वाचवू शकत नाही. दुकानात सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलून पाहावा. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा पिळवटत नाही असं समजावं. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांधे कच्चे आहेत.

कापडाबद्दल थोडक्यात सांगतो. चामड्यासारखं दिसणारं पीयूचं आवरण मुंबईत आणि कोकणात घेऊ नये, असं माझं मत आहे. त्यातल्या बऱ्याच प्रकारांवरचा थर उष्ण आणि दमट हवेत विघटित होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. ते पुन्हा चिकटवता येत नाहीत. घट्ट विणीचं कापड, चेन लावून काढता येणाऱ्या खोळींसह, हा त्याहून शहाणा पर्याय.

यावर पूर्वपक्षाचा शेवटचा आक्षेप असतो: 'पण जुनी आसनं टिकलीच ना?' सगळी टिकली नाहीत. जी मोडली ती बंबात गेली, म्हणून ती आज साक्ष द्यायला नाहीत. आणि जी टिकली ती का टिकली, हे पाहिलं तर माझंच म्हणणं सिद्ध होतं. गोव्यातल्या जुन्या घरांत वेताच्या बैठकीचे कोच आणि खुर्च्या आहेत. त्यांचं लाकूड उत्तम आहेच, पण वेत फाटला की तो काढून नवा विणता येतो. सांगाडा आणि बैठक वेगवेगळ्या वयाच्या असणार, हे घडवणाऱ्याने गृहीत धरलेलं होतं. आपली बैठकही तशीच होती. गादी दबली की पिंजारी यायचा, कापूस पिंजून पुन्हा भरायचा, अभ्रे धुतले जायचे, लोड-तक्के पुन्हा टणटणीत व्हायचे. गादी दबणारच, हे घरातल्या बाईला ठाऊक होतं आणि त्यावरचा उपाय गल्लीत हिंडत होता. 'ट्रिंकोमाली'चंही तेच. १९९० नंतर दहाएक वर्षं तिची डागडुजी चालली, कुजलेले भाग काढून नवे बसवले गेले, म्हणून ती आज पाहायला मिळते.

तेव्हा माझा सिद्धान्त असा, की सोफ्याचा टिकाऊपणा मोजायचा तो त्याचा झिजणारा भाग किती सहज बदलता येतो यावर. फोम खोळीतून निघतो का? तळाचं कापड काढून पट्टे नव्याने ताणता येतात का? हात आणि पाठ स्क्रूने सुटतात का? सगळं एकाच खोक्यात चिकटवून, वर कापड शिवून बंद केलेला सोफा कितीही भारी लाकडाचा असला तरी त्यातला सर्वांत कच्चा भाग जेवढा जगेल तेवढाच तो जगणार. पैसे मोजकेच असतील, आणि बहुतेकांचे ते मोजकेच असतात, तर लाकडाच्या जातीवरचे थोडे कमी करून ते फोम, पट्टे आणि सांध्यांकडे वळवावेत. जमिनीलगतचं, वाळवीच्या वाटेवरचं कोकणातलं घर असेल, तर मात्र गाभ्याचा साग घ्या. तिथे त्याची साक्ष पूर्ण लागू पडते.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग तुझा तो सोफा काढून टाकलास का?' काढला नाही. त्या कारागिराने दोन दिवस आमच्या व्हरांड्यात बसून नवे पट्टे ताणले, ४० डेन्सिटीचा फोम माझ्यासमोर काट्यावर ठेवून मग कापला, आणि जुन्या खोळींना चेन नव्हत्या त्या लावून दिल्या. उरलेला दीड मीटर पट्टा त्याने गुंडाळून सोफ्याखालच्या कापडात खोचून ठेवला आहे, पुढच्या खेपेला जो कोणी उघडेल त्याच्यासाठी.