चेनसॉची चेन आणि पट्टी कशी सांभाळायची?

पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणच्या घाटांत रस्त्यावर झाड आडवं पडलं की चेनसॉ बाहेर निघतो. माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात तोच वाळलेल्या टणक बाभळीवर चालतो आणि तिथे चेनची धार लवकर जाते.

धार गेली हे ओळखायला खाली पडणारा भुसा बघावा. चांगली चेन ढलप्या काढते. पिठासारखी पूड पडू लागली, मशीन दाबून धरावं लागलं, की काम थांबवावं. बोथट चेन कमी धोक्याची वाटते, पण तसं नाही. जोर लावताना मशीनवरचा ताबा जातो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर चेनसॉ क्षणात चालवणाऱ्याच्या अंगावर उसळतो. चेन धारदार असली तरी हा धोका राहतोच, म्हणून टोकाने कापू नये.

धार लावताना इंजिन बंद, हातात मोजे. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी: ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटर, लहान मशीनच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर. कोन बहुधा ३० अंश. नेमका आकडा चेनच्या पाकिटावर किंवा माहितीपुस्तिकेत मिळतो. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवायची आणि सगळ्या दातांना सारखेच हात द्यायचे. एका बाजूचे दात आखूड झाले तर काप तिरका जातो. प्रत्येक दातापुढे एक उंचवटा असतो. धार लावून दात झिजले की तोही गेज लावून चपट्या कानशीने उतरवावा. बहुतेक चेनना ०.६५ मिलिमीटरचा फरक चालतो. अंदाजाने जास्त उतरवला तर चेन लाकडात अडकून उसळते.

कृष्णा-वारणेच्या काठी एक वेगळी अडचण असते. २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात बुडालेल्या बुंध्यांच्या सालीत गाळ आणि वाळू वाळून बसते. अशी साल आधी कुऱ्हाडीने तासावी, नाहीतर नवी धारही लगेच जाते. चेन जमिनीला एकदा टेकली तरी तेच होतं.

पट्टीकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. चेन काढून खोबणीतला भुसा आणि तेलाचं भोक साफ करावं. पट्टी अधूनमधून उलटी बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडेला आलेली धारदार कोर कानशीने घासून काढावी. तेल जातंय का, हे बघायला टोक फिकट लाकडावर, न टेकवता, धरून मशीन चालवावं; तेलाची रेघ उमटायला हवी. गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून अनेकजण वापरतात, पण त्यातले धातूचे कण पंप आणि पट्टी खातात आणि ते अंगावर उडणंही बरं नव्हे.

ताण थंड चेनवरच बघावा. चेन पट्टीला खालून चिकटलेली, तरी हाताने सहज सरकणारी हवी. काम करताना तापलेली चेन सैल पडते आणि ती तेव्हा आवळली, तर काम संपताच परत सैल करावी लागते. थंड होताना ती आखडते आणि पट्टीवर ताण देते.