धाग्यांची लिपी : ॲनी आल्बर्स आणि प्राचीन पेरूचे विणकर

१९६५ साली ॲनी आल्बर्स यांनी विणकामावरील आपला ग्रंथ प्राचीन पेरूच्या विणकरांना, आपले थोर गुरू म्हणून, अर्पण केला. हे ऋण नेमके कशाचे होते? चौकोन, पायऱ्या, नागमोडी रेषा अशा आकारांची उसनवारी एवढेच त्याचे उत्तर दिले, तर ते अपुरे ठरते. ताणा व बाणा एकमेकांस काटकोनात छेदतात. म्हणून भौमितिक आकार कोणत्याही मागावर सहजच उद्भवतात. १९२२ साली बाउहाउस या जर्मन कलाशाळेत दाखल झालेल्या आल्बर्स यांनी त्याच दशकात बहुपदरी, भौमितिक भित्तिपट विणले होते. आकारसाम्यावरून ऋण सिद्ध होत नाही.

त्याचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. अँडीज पर्वतप्रदेशात अक्षरलिपी नव्हती. इंका राज्यातील हिशेब 'कीपू' नामक दोऱ्यांच्या गाठींत ठेवले जात, तर राजवस्त्रांवर 'तोकापू' हे चौकटीतील चिन्हसमूह विणले जात. वस्त्र तेथे केवळ आच्छादन नव्हते. पद, कुल व प्रदेश यांची ती खूण होती. त्यासाठी विणकर केवढा खटाटोप करीत! काही वस्त्रांत तात्पुरते आधारधागे लावून त्यांभोवती निरनिराळ्या रंगांचे ताणे गुंतवीत आणि काम संपताच ते आधारधागे काढून घेत.

१९३३ मध्ये नाझी दडपणामुळे बाउहाउस बंद पडले. त्याच वर्षी आल्बर्स दांपत्य अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात आले. १९३६ साली ॲनी आल्बर्स यांनी एक पट विणला व त्यास 'प्राचीन लिपी' असे नाव दिले. त्यात वाचता येईल असे एकही अक्षर नाही. धागा हा अर्थवाहक होऊ शकतो, ही जाणीव मात्र त्यात आहे. त्यांनी घेतली ती शब्दसंपत्ती नव्हे, तर रचनेचे व्याकरण होय.

परंतु येथेच एक सावधगिरी आवश्यक आहे. या पटास 'अमूर्त' म्हणणे यथार्थ आहे. तोकापूंस तसे म्हणता येईल काय? ती चिन्हे अद्याप सर्वमान्य रीतीने उलगडलेली नाहीत, आणि न वाचता येणारी लिपी परक्यास नेहमीच नक्षी भासते. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आल्बर्स यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्यांच्या गुरूंची नावे मात्र कोणासही ठाऊक नाहीत. नावे लोपली, अर्थ अंधुक झाला, वीण तेवढी उरली. त्या विणीस निरर्थक न मानणे, हेच त्या अर्पणपत्रिकेचे खरे तात्पर्य होय.