एअर प्लांटची (टिलँडसिया) वर्षभराची निगा

एअर प्लांट म्हणजे अननसाच्या कुळातील, मातीशिवाय वाढणारी झाडे. यांचे मूळ स्थान अमेरिका खंडात आहे. तेथे ती झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढतात. आपल्याकडे शोभिवंत झाडांच्या रोपवाटिकांत टिलँडसिया आयोनांथा आणि जटांसारखी लोंबणारी टिलँडसिया उस्निऑइडिस हे प्रकार दिसतात. मुळांचे काम फक्त धरून राहण्याचे असते. पाणी व अन्नद्रव्ये पानांवरील बारीक खवले शोषतात. ‘हवेवर जगते’ असे सांगून झाड विकले जाते आणि ग्राहक पाणीच देत नाही. विक्री करताना हे जरूर समजावून सांगा.

पाणी सकाळी द्यावे. या झाडांची पर्णरंध्रे रात्री उघडतात. संध्याकाळी पाने ओली राहिल्यास रात्री हवेतील कर्बवायू घेणे अडते. रोप 20 ते 30 मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावे, उलटे धरून झटकावे आणि चार तासांत पूर्ण सुकेल अशा वाऱ्याच्या जागी ठेवावे. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा, हिवाळ्यात एकदा पुरते. पाने आत वळून पन्हाळीसारखी झाली की पाणी कमी पडते आहे असे समजा. चंदेरी, जाड खवल्यांच्या प्रकारांना पाणी कमी लागते, हिरव्या मऊ पानांच्या प्रकारांना जास्त. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पानांवर पांढरा थर बसतो, म्हणून पावसाचे पाणी साठवून वापरावे.

खरे नुकसान होते ते पावसाळ्यात, आणि तेही पाण्यापेक्षा न सुकण्याने. गाभ्यात पाणी साचले की बुडखा काळा पडतो आणि मधली पाने हलक्या हाताने ओढताच निघून येतात. असे रोप वाचत नाही. जूनपूर्वीच रोपे पावसाचे पाणी थेट पडणार नाही अशा छताखाली घ्यावीत, तोंड तिरपे किंवा खाली करून टांगावीत, दोन रोपांत अंतर ठेवावे. कोकणात सतत झड असताना बुडवणे पूर्ण बंद ठेवले तरी चालते. जटांच्या प्रकाराचे जाड झुपके सोडवून पातळ करावेत. ते आतून कुजतात आणि बाहेरून कळत नाही.

कूज दिसली की आपला हात सवयीने बुरशीनाशकाकडे जातो. इथे थांबा. तांबे या झाडांना विषारी आहे. बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड यांपैकी काहीही फवारू नये. सुपारीच्या बागेत पावसाळ्याच्या तोंडावर कोळे रोगासाठी बोर्डो फवारतात. त्या झाडांखाली एअर प्लांट टांगलेली असतील तर वरून गळणारे थेंबही घातक ठरतात. फवारणीपूर्वी रोपे हलवा. तोच पंप धुऊनसुद्धा वापरू नका. बांधायला तांब्याची तार नको, आणि सूक्ष्म अन्नद्रव्ययुक्त खताच्या पाकिटावर तांब्याचे प्रमाण पाहून घ्या.

खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, विद्राव्य खत अर्धा ग्रॅम प्रति लिटर, बस्स. सावलीसाठी 50 टक्के शेडनेट ठीक. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये 75 टक्के लागते.

प्रत्येक रोप एकदाच फुलते. फुलानंतर ते हळूहळू वाळते, म्हणून रोग समजून फेकू नका. बुडाशी पिल्ले येतात. पिल्लू मातृरोपाच्या किमान एक तृतीयांश झाल्यावर वेगळे करावे. जखम सुकेपर्यंत एक-दोन दिवस त्याला पाणी देऊ नये.