डाळिंबाच्या शकलापासून रबराच्या कड्यापर्यंत

लढाया आणि राज्यें यांच्या बखरी विपुल आहेत. परंतु घराघरांत मुक्यानें सोसलेल्या दुखण्यांची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. ‘अंग बाहेर येणें’ हें बायकांचें असेंच एक दुखणें होय. गर्भाशय, मूत्राशय इत्यादि अवयवांना तोलून धरणारे स्नायु व बंध प्रसूतीच्या ताणानें, वार्धक्यानें किंवा जड ओझीं उचलल्यानें सैल पडतात आणि ते अवयव योनिमार्गांत खालीं उतरतात. जिवाला बहुधा धोका नसतो. पण चालणें, बसणें, लघवीस जाणें या साध्या गोष्टीहि शिक्षेसारख्या होतात. अशा अवयवांना शस्त्रावांचून आंतून आधार देणारें जें साधन, त्यास ‘पेसरी’ म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ पटावरच्या खेळांतील सोंगटी असा आहे.

प्राचीन ग्रीसमध्यें हिपॉक्रेटिसच्या परंपरेंतील वैद्य अर्धें डाळिंब आंत बसवून उतरलेलें अंग वर धरीत. हा उपाय ओबडधोबड खरा, पण निदान समजण्यासारखा. दुसरा उपाय मात्र अंगावर कांटा आणणारा होता. रुग्ण स्त्रीला शिडीस उलटें बांधून, डोकें खालीं व पाय वर करून, ती शिडी गदगदां हालवीत! आपल्याकडे चरकसंहितेंत तेल व शेक यांनीं अंग मऊ करून तें हातानें पूर्ववत् बसवावें, असें सांगितलें आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत एफिससच्या सोरेनस या वैद्यानें शिडीच्या प्रकाराचा निषेध केला. गर्भाशय हा सुगंधानें लोभावून वर धांवणारा किंवा दुर्गंधानें भिऊन पळणारा प्राणी नव्हे, हेंहि त्यानें बजावलें.

सोळाव्या शतकांत फ्रान्सचा प्रख्यात शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे यानें पितळेचीं व मेण लावलेल्या बुचाच्या लांकडाचीं लंबवर्तुळाकार कडीं करविलीं. पुढें सोनें, रुपें, हस्तिदंत यांचीहि योजना झाली. पण अडचण एकच. धातु टोंचे आणि बूच कुजे. दोष कल्पनेचा नव्हता, पदार्थाचा होता.

तो दोष दूर होण्याची वाट 1844 सालीं मोकळी झाली. त्या वर्षीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास गंधक घालून टिकाऊ केलेल्या रबराचें पेटंट मिळालें. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत प्रसूतिशास्त्र शिकविणारा ह्यू लेनॉक्स हॉज यानें देहाच्या वळणास अनुरूप वांक दिलेली तरफेसारखी पेसरी योजिली. दृष्टि मंदावल्यामुळें 1863 मध्यें त्यानें अध्यापन सोडलें; परंतु त्याच्या नांवाची पेसरी आजहि वापरांत आहे.

चांगल्या साधनाचा अतिरेक झाला म्हणजे त्याची कीर्ति बुडते, हें येथेंहि खरें ठरलें. कंबर दुखो कीं डोकें दुखो, गर्भाशयच जागेवरून सरकलें असेल, असें निदान करण्याची तऱ्हा पडली. 1867 सालीं न्यू हॅम्पशायरचा डॉक्टर बक यानें एका ग्रंथांत 123 प्रकारच्या पेसऱ्या चित्रित असल्याचें दाखवून आपल्या व्यवसायबंधूंची यथेच्छ थट्टा केली. बसविलेली पेसरी वर्षानुवर्षें तशीच विसरून राहिल्यानें आंत जखमा झालेल्या स्त्रियाहि वैद्यांना आढळत. तोंवर भूल देण्याची विद्या व जंतुनाशक पद्धति आल्या होत्या. मँचेस्टरमध्यें आर्चिबाल्ड डोनाल्ड यानें 1888 पासून या दुखण्यावर शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि पेसरी म्हणजे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांचा उपाय, असें मानलें जाऊं लागलें.

परंतु काळाचें चक्र पुनः फिरलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिलिकोन हा मऊ, न कुजणारा व वारंवार धुतां येणारा पदार्थ हातीं आला. दुसरीकडे, योनिमार्गानें कृत्रिम जाळी बसविण्याच्या शस्त्रक्रियेनें कित्येक स्त्रियांना नव्या यातना दिल्या. एप्रिल 2019 मध्यें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें या दुखण्यासाठीं अशा जाळ्यांची विक्री थांबविली. आज योग्य मापाची पेसरी हा पहिल्या उपायांत गणला जातो. ती मूळ दुखणें बरें करीत नाहीं, आधार देते. कांहीं स्त्रियांना ती मानवत नाहीं व त्यांना शस्त्रक्रियाच करावी लागते. ती जाणत्या हातानें बसवावी लागते, स्वच्छ ठेवावी लागते आणि नेमानें तपासून घ्यावी लागते.

या इतिहासाचें तात्पर्य उघड आहे. डाळिंबाचें शकल असो वा सिलिकोनचें कडें, आधार देण्याची कल्पना एकच. भेद पडला तो पदार्थाचा आणि काळजीचा. मात्र जें दुखणें बोलून दाखविलें जात नाहीं, त्याला जगांतील कोणतेंहि साधन पोंचत नाहीं. घरांतील आई, आजी किंवा सून यांना ही गोष्ट बोलण्यास संकोच वाटणार नाहीं, इतका मोकळेपणा घरांत असणें हा या उपचाराचा पहिला भाग होय.