लांब पल्ल्याच्या शर्यतीचा साक्षीदार

इ. स. १९०४ च्या ऑगस्ट महिन्याची ३० तारीख. अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं ऑलिंपिक सामन्यांतील मॅरेथॉन शर्यत चालू होती. ऊन रणरणत होतें, रस्ते कच्चे होते, आणि पुढें चाललेल्या मोटारींनीं उडविलेला धुरळा धांवणारांच्या नाकातोंडांत जात होता. बत्तीस जण निघाले. शेवटपर्यंत पोंचले ते अवघे चवदा. सर्वांच्या आधीं क्रीडांगणांत शिरला तो न्यूयॉर्कचा फ्रेड लॉर्झ. जयजयकार झाला, पारितोषिकाची तयारी झाली, आणि इतक्यांत बोभाटा झाला कीं, या गृहस्थाला वाटेंत मोटारींत बसलेला लोकांनीं पाहिला आहे. तें खरेंच होतें. नवव्या मैलाच्या सुमारास पायांत गोळे आले म्हणून लॉर्झ मोटारींत चढला आणि सुमारें अकरा मैल त्यानें बसूनच काटले. आपण ही केवळ थट्टा केली, असें त्याचें म्हणणें पडलें. त्याच्यावर बंदी आली, ती पुढें उठली, आणि दुसऱ्याच वर्षीं बॉस्टनची मॅरेथॉन त्यानें स्वतःच्या पायांनीं धांवून जिंकली, एवढें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

त्याच वर्षीं फ्रान्समध्यें सायकलस्वारांची दुसरी ‘टूर द फ्रान्स’ शर्यत झाली. कोणी आगगाडीचा आश्रय केला, कोणी मोटारीचा, अशा तक्रारी झाल्या. चौकशीअंतीं, वर्ष सरतां सरतां, पहिले चारहि क्रमांक रद्द करण्यांत आले आणि पांचवा आलेला हेन्री कॉर्ने, एकोणीस वर्षांचा पोर, विजयी ठरला. कुस्ती आखाड्यांत होते, ती हजार डोळे एकदम पाहतात. पण कोसच्या कोस पसरलेल्या वाटेवर पंच कोठें कोठें उभे करावयाचे?

हा प्रश्न पाऊणशें वर्षांनींहि सुटला नव्हता. १९८० सालीं एप्रिलच्या २१ तारखेस बॉस्टन येथें स्त्रियांमध्यें पहिली आली म्हणून रोझी रुईझ हिला विजयमाला घालण्यांत आली. वेळ २ तास ३१ मिनिटें ५६ सेकंद. वाटेवरच्या टिपणें ठेवणारांनीं मात्र तिला कोठेंच पाहिलें नव्हतें. शर्यत संपावयास थोडें अंतर उरलें असतां ती बघ्यांच्या गर्दींतून रस्त्यावर आल्याचें सांगणारे लोक पुढें आले. आठ दिवसांनीं तिचा क्रमांक रद्द झाला, आणि २ तास ३४ मिनिटें २८ सेकंदांत आलेली कॅनडाची जॅकलिन गॅरो खरी विजेती ठरली. न्याय झाला खरा. पण त्या दिवशीं दुतर्फा उभ्या राहिलेल्या लोकांनीं जो जयघोष केला, तो दुसरीच्याच वांट्यास गेला. तो परत कसा करावयाचा?

ट्रायथ्लॉन या खेळांत हीच अडचण तिपटीनें वाढते. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें, हीं तिन्ही विसांवा न घेतां एकामागून एक करावयाचीं, अशी ही शर्यत. १९७४ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें ती प्रथम या नांवानें झाली. पुढें १९७८ च्या १८ फेब्रुवारीस हवाईतील ओआहू बेटावर कॉलिन्स दांपत्यानें ‘आयर्नमॅन’ नांवाची राक्षसी शर्यत भरविली: सुमारें ३.९ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि वर पुरी मॅरेथॉन. पंधरा जण उतरले, बारा पार पडले. पहिला गॉर्डन हॅलर, वेळ ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद. योगायोग असा कीं, त्यानंतर अवघ्या चार दिवसांनीं, २२ फेब्रुवारीस, अमेरिकेनें जी. पी. एस. या योजनेचा पहिला उपग्रह आकाशांत सोडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध येईल, हें त्या दिवशीं कोणाच्या ध्यानींमनीं नसावें.

आधीं आली ती चिप. १९९६ सालीं बॉस्टनच्या शंभराव्या मॅरेथॉनमध्यें स्पर्धकांच्या बुटांना ती बांधली होती. वाटेंत अंथरलेल्या चटईवरून स्पर्धक गेला कीं त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. परंतु चटईला दिसतें तें चटईपुरतेंच. एका चटईपासून दुसरीपर्यंत माणूस कसा आला, हें तिला ठाऊक नसतें. आणि चिपच हरवली तर? २०१५ सालीं कॅनडांतील व्हिसलर येथल्या आयर्नमॅन शर्यतींत हाच प्रश्न उभा राहिला. एका विजेतीपाशीं शेवटीं चिप नव्हती. ती वाटेंत पडली, असें तिनें सांगितलें. मागून आलेल्या स्पर्धकांना मात्र धांवण्याच्या वाटेवर ती आपल्या पुढें असल्याचें आठवेना. छायाचित्रें आणि इतरांच्या वेळा ताडून पाहतां हिशेब जुळेना, आणि ती बाद ठरली. आरोप तिनें नाकारला. तिच्या मनगटावरील घड्याळानें वाटचालीची नोंद पुढें ठेवली असती, तर वाद एका दिवसांत मिटता, मग तो कोणत्याहि बाजूनें मिटो.

तें घड्याळ करतें काय? सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ सतत सांगत असतात. तो संदेश पोंचावयास किती क्षणांश लागला, यावरून उपग्रहाचें अंतर निघतें. चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं कीं आपलें ठिकाण निघतें. लष्करी कारणास्तव नागरिकांस मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवून दिला जात असे; तेव्हां चूक शंभर मीटरपर्यंत जाई. २००० सालच्या मे महिन्यांत तो बिघाड बंद झाला, आणि २००३ पासून मनगटावर बांधावयाचीं अशीं घड्याळें धांवणारांच्या हातीं आलीं.

तरीहि हा साक्षीदार सर्वज्ञ नव्हे. रेडिओच्या लहरी पाण्यांत शिरत नाहींत. पोहणाराचा हात प्रत्येक हातवाऱ्याला पाण्याखालीं जातो, आणि नकाशावर तो कधीं कधीं चक्क किनाऱ्यावरून चालत गेल्यासारखा दिसतो! उंच इमारतींच्या भिंतींवरून लहरी उलटून येतात तेव्हां वाट वेडीवांकडी उमटते. मॅरेथॉनचा रस्ता मोजतात तो चाकावर गणकयंत्र बसविलेल्या सायकलनें, जवळांत जवळच्या रेषेवरून, आणि कमी पडूं नये म्हणून हजारीं एक भाग अधिक धरून. घड्याळ बहुधा त्याहून थोडें जास्तच दाखवितें. म्हणून चारदोनशें मीटरच्या फरकावरून कोणाला चोर ठरविणें अन्यायाचें होईल, आणि रस्ताच लांब आखला म्हणून आयोजकांवर रागावणारे हौशी लोकहि बहुधा चुकतात. पण दोन किलोमीटर नाहींसे झाले असतील, तर तें झांकत नाहीं.

२०१७ सालीं फ्लोरिडांतील एका अर्ध्या मॅरेथॉनमध्यें असेंच घडलें. बक्षिसांत आलेल्या एका स्पर्धकाचा उत्तरार्धाचा वेग पूर्वार्धाहून फारच अधिक भरला. संशय येतांच तिनें घड्याळाची नोंद पुढें केली, आणि त्यांत वाट पूर्ण होती. पण तिच्यांतील लय धांवणाऱ्या पावलांची नव्हती, सायकलच्या पायट्यांची होती. शर्यत संपल्यावर ती त्याच वाटेनें सायकलवरून फिरून आली होती. अखेर शर्यतीच्याच छायाचित्रकारानें शेवटच्या रेषेपाशीं घेतलेलें चित्र एकानें मोठें करून पाहिलें. तिच्या मनगटावरच्या घड्याळांत तेरा मैलांहून अधिक आंकडा हवा होता, तेथें ११.६५ होता. तिनें कबुली दिली.