नदी आटली आणि मुलांना ‘प्रौढांचा’ मधुमेह झाला

१/ टाइप-२ मधुमेहाला एके काळी ‘प्रौढांचा मधुमेह’ असेच म्हणत. १९७९ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या पिमा समाजातील मुलांत व तरुणांत तो आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि हे नावच डळमळले. स्पष्टीकरण मात्र तयार होते: या लोकांचे रक्तच तसे! जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलेली ‘काटकसरी जनुका’ची कल्पना (दुष्काळात तारणारे, सुकाळात मारणारे जनुक) पिमांना चिकटवली गेली.

२/ आनुवंशिकता खोटी नव्हे. आईवडिलांचा मधुमेह ही मुलासाठी मोठीच जोखीम असते. परंतु १९०८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ आलेश हर्डलिच्का यांनी पिमांत मधुमेहाचा एकच रुग्ण नोंदवला होता. सत्तर वर्षांत जनुके बदलत नाहीत. मग बदलले काय?

३/ नदी. पिमा स्वतःला ‘आकिमेल ओओधाम’, म्हणजे नदीचे लोक, म्हणवतात. गिला नदीचे पाट काढून ते मका, गहू आणि तेपारी नावाचा चिवट घेवडा पिकवत. १८६० च्या दशकात लष्कराला आणि वाटसरूंना त्यांनी लक्षावधी पौंड गहू विकला. पुढे नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी वळवले आणि शतक सरताना पात्र कोरडे पडले. उपासमार झाली, शेतीचे श्रम सुटले आणि कालांतराने घरच्या धान्याची जागा सरकारी शिध्यातील मैदा, साखर व चरबी यांनी घेतली. मुलांमधील लठ्ठपणा आणि व्यायामाचा अभाव ही या आजाराची कारणे म्हणून आपण सहज सांगतो. इथे त्यांच्यामागे एक कालवा आहे.

४/ पुरावा? मेक्सिकोतील मायकोबा गावचे पिमा याच वंशाचे, पण डोंगराळ भागात कष्टाची शेती करणारे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तेथील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के होते, अ‍ॅरिझोनातील पिमांत ३८ टक्के.

५/ मला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास २००० सालचा. त्यात अ‍ॅरिझोनातील पिमा भावंडांचीच तुलना होती. आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना तो होण्याची जोखीम आधी जन्मलेल्या भावंडांहून कितीतरी अधिक निघाली. वडिलांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. म्हणजे आईबाप तेच. वेगळा होता तो गर्भातील काळ. मुलाने पहिला घास घेण्यापूर्वीच जोखीम त्याच्यापर्यंत पोहोचली होती.

६/ २००४ च्या कायद्याने गिलाकाठच्या या लोकांच्या पाण्याच्या हक्काचा दावा अखेर मिटवला. पाणी परतू लागले. १९७९ च्या नोंदीतील मुलांनी तोवर चाळिशी गाठली होती.